‘व्यसनी’ म्हणजे नक्की कोण? आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. आरोग्यमंत्री महोदय,
स.न.वि.वि.

गेली 17 वर्षं मी व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक म्हणून काम करते आहे. नवीन माणूस दाखल झाला की त्याची माहिती लिहून घेणं हे माझं काम. नाव, वय, कोणती नशा, किती प्रमाणात, किती वर्षं, शेवटचं कधी घेतलं. पहिल्यांदा कधी घेतलं आणि तेव्हा काय वाटून घेतलं, यासाठी आमच्या फॉर्मवर रकाना नाही. मी तो प्रश्न विचारते आणि उत्तर समासात लिहून ठेवते. हे पत्र त्या समासातल्या उत्तरांबद्दल आहे.

मागच्या वर्षी एकाच आठवड्यात दोन माणसं माझ्यासमोर येऊन बसली. एक 13 वर्षांचा मुलगा होता. नाकाखाली आणि ओठांच्या कडेला लालसर पुरळ, हाताला थिनरचा वास आणि मुठीत चुरगळलेला रुमाल. रुमाल टेबलावर ठेव म्हटलं तर ठेवेना. मी विचारलं, “नशा कधीपासून करतोस?” त्याला ते फार लागलं. म्हणाला, “मी नाही नशा करत. दारूला हातसुद्धा लावलेला नाही. शाळेत शपथ घेतलीय आम्ही. मी फक्त हुंगतो.”

दुसऱ्या 68 वर्षांच्या आजी. घरात पडून मनगट मोडलं होतं, म्हणून मुलगी डॉक्टरांकडे घेऊन गेली आणि तिथून त्या आमच्याकडे आल्या. पर्समध्ये चष्म्याची डबी होती आणि डबीत चष्म्याऐवजी झोपेच्या गोळ्या, पट्टीतून कात्रीने एकेक कापून ठेवलेल्या. यजमान गेले तेव्हा पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली ती गोळी त्या 11 वर्षं घेत होत्या. मी ‘व्यसन’ हा शब्द उच्चारला तशा त्या ताठ झाल्या. “अहो, काहीतरीच काय बोलता! डॉक्टरांनी दिलेलं औषध आहे ते.”

साहेब, दोघंही खोटं बोलत नव्हती. ‘व्यसनी’ म्हटलं की प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर एक माणूस उभा राहतो आणि तो माणूस नेहमी दुसऱ्याच वयाचा असतो. पोराला तो झिंगून पडलेला काका वाटतो, काकांना ड्रग्ज घेणारी आजकालची पोरं वाटतात, आणि आजीच्या मनात तर ती शंकाही येत नाही. आपल्याकडची जनजागृती मात्र या सगळ्यांना एकच चित्र दाखवते. केंद्राच्या भिंतीवर लावायला आम्हाला जे पोस्टर मिळालं, त्यात एक कवटी, एक बाटली आणि दाढी वाढलेला चाळिशीतला एक माणूस आहे. त्या मुलाने ते पाहिलं आणि निश्चिंत झाला. त्यात तो कुठेच नव्हता.

कोणत्या वयात नशेकडे कसं पाहिलं जातं, हे थोडं सविस्तर सांगते, कारण माझी मागणी त्यातूनच येते.

शाळेत जायच्या आधीच अनेक मुलांना दारू वासावरून ओळखता येते आणि ती मोठ्यांची गोष्ट आहे हेही कळतं. सात-आठ वर्षांच्या मुलाला विचारा, तो ठणकावून सांगेल की दारू वाईट. आपण खूश होतो. पण पुढच्या चार-पाच वर्षांत हे मत हळूहळू फिरतं. बारा-तेराव्या वर्षापर्यंत त्याच मुलांच्या मनात दारू म्हणजे मजा, धीटपणा, मोठं झाल्याची खूण, असं काहीबाही साचायला लागतं. एक थेंबही जिभेला न लावता हे सगळं घडलेलं असतं. घरात मोठ्यांचं बोलणं, पडद्यावरचा नायक, थोरल्या भावंडांच्या गप्पा यातून ते उचलतात. म्हणजे नेमकं मत बदलत असताना त्यांच्याशी बोलायला हवं, आणि आपण भाषण ठेवतो ते एकतर त्याआधी, जेव्हा सगळी मुलं मान डोलावतात, नाहीतर कोणीतरी सापडल्यानंतर.

हुंगण्याचं प्रकरण तर आणखी वेगळं आहे. बाकीच्या नशा वयासोबत वाढत जातात, हुंगण्याकडे मात्र सर्वांत लहान मुलं वळतात. कारण साधं आहे. थिनर, डिंक, खोडायचं पांढरं द्रव्य या वस्तू घरात आणि दप्तरात असतात. त्या विकत घेताना कोणी वय विचारत नाही आणि त्यांना नशा म्हणून कोणी नावही ठेवलेलं नसतं. यात हृदयाची लय बिघडून पहिल्याच खेपेला जीव जाऊ शकतो. आमच्या त्या मुलाला हे कोणीच सांगितलं नव्हतं. त्याने शपथ घेतली होती ती दारू आणि तंबाखूची, आणि ती त्याने प्रामाणिकपणे पाळली होती.

मग येतात पंधरा ते अठरा-एकोणीसची मुलं. यांना धोका कळत नाही असं आपण धरून चालतो. कळतो. पण मेंदूचा मजा शोधणारा भाग या वयात जोरात असतो आणि ‘थांब’ म्हणणारा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडतच असतो. 2005 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी पालकांना नेहमी सांगते तसा आपल्यालाही सांगावासा वाटतो. वेगवेगळ्या वयाच्या लोकांना गाडी चालवण्याचा संगणकावरचा खेळ दिला, आधी एकट्याने, मग मित्रांसमोर. मित्र शेजारी असताना किशोरवयीन मुलांनी कितीतरी जास्त धोके पत्करले. 24 वर्षांपुढच्यांवर मात्र सोबतीचा फारसा परिणाम झाला नाही. मुलगा घरी आपल्यासमोर बसून ‘मी कधीच घेणार नाही’ म्हणतो तेव्हा तो खरंच बोलत असतो. फक्त त्या वेळी त्याचे मित्र तिथे नसतात.

त्यात या वयातल्या मुलांना वाटतं की सगळेच घेतात. 1986 पासून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या पाहण्यांत हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे, की आपले सोबती जितकं पितात त्यापेक्षा ते जास्त पितात असा मुलांचा समज असतो आणि त्या समजाला धरून ती स्वतः पितात. अशा वेळी व्यासपीठावरून ‘तरुण पिढी नशेच्या विळख्यात’ असं आपण ओरडलो की काय होतं? न घेणाऱ्या मुलाला वाटतं, मागे राहिलेला मी एकटाच.

भीती घालून काहीच होत नाही, असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत 1975 पासून दरवर्षी शाळकरी मुलांची पाहणी होते. 1978 मध्ये शाळेच्या शेवटच्या वर्गातल्या फक्त 35 टक्के मुलांना नियमित गांजा ओढणं फार धोक्याचं वाटत होतं आणि जवळजवळ 11 टक्के मुलं रोज ओढत होती. 1991 पर्यंत धोका वाटणारे 79 टक्के झाले आणि रोज ओढणारे 2 टक्क्यांच्या आसपास आले. तेव्हा धोका वाटण्याला किंमत आहे. पण तो मुलांना स्वतःहून खरा वाटावा लागतो. त्याच देशात 1983 साली लॉस एंजेलिसमध्ये ‘डेअर’ नावाचा उपक्रम सुरू झाला. गणवेशातले पोलीस वर्गात येऊन शिकवायचे. तो देशभर पसरला, पालकांना आवडला, आणि तपासणी झाली तेव्हा मुलांच्या वागण्यावर त्याचा परिणाम जवळपास शून्य निघाला. ‘एकदा घेतलंस की संपलास’ असं सांगितलेल्या मुलाने एकदा घेतलेला आणि न संपलेला मित्र पाहिलेला असतो. त्यानंतर आपलं खरंही त्याला खोटं वाटतं.

मी स्वतः एका शाळेत अशा कार्यक्रमाला गेले होते. अमली पदार्थांचे नमुने काचेच्या पेटीत मांडले होते. सातवीच्या मुलांची पेटीभोवती झुंबड उडाली होती. एकाने पाहुण्यांना विचारलं, “सर, यातलं सगळ्यात भारी कोणतं?” पाहुणे हसले, मुलंही हसली. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

सुरुवातीचं वय इतकं महत्त्वाचं का, याचं उत्तर आकड्यांतही आहे. 1997 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीतून दिसलं की 15 वर्षांच्या आधी दारू प्यायला लागलेल्यांपैकी 40 टक्क्यांहून जास्त लोक पुढे कधी ना कधी दारूच्या आहारी गेले. विशीत किंवा त्यानंतर सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण 10 टक्क्यांच्या आसपास होतं. (लवकर पिणं हेच एकमेव कारण, असा याचा अर्थ नाही. ज्या घरात मूल लवकर पितं त्या घरात इतरही बरंच काही बिनसलेलं असतं. पण तेही त्याच वयात कळायला हवं ना?)

पंचविशी ते पन्नाशीबद्दल थोडक्यात लिहिते, कारण सगळी व्यवस्था यांच्यासाठीच आखलेली आहे. हे लोक मजेसाठी कमी आणि उतारा म्हणून जास्त घेतात. कामाचा ताण, झोप, पाठदुखी, घरातली भांडणं. ‘मी फक्त वीकेंडला घेतो’ आणि ‘माझं कंट्रोलमध्ये आहे’ ही दोन वाक्यं मी हजारदा ऐकली असतील. आणि दुखण्यावरच्या गोळीने व्यसन लागूच शकत नाही, हा समज किती महाग पडतो ते अमेरिकेने भोगलं. ऑक्सिकोंटिन हे वेदनाशामक तिथे 1996 मध्ये बाजारात आलं ते व्यसनाचा धोका कमी असल्याच्या प्रचारासह. 2007 मध्ये कंपनीने दिशाभूल केल्याचा गुन्हा न्यायालयात कबूल केला, पण तोवर ती गोळी घराघरांत पोचली होती.

साठीनंतरच्या माणसांकडे मात्र कोणाचंच लक्ष नाही, आणि मला सर्वांत जास्त कळकळ यांच्याबद्दल वाटते. उतारवयात शरीरातलं पाणी कमी होतं, यकृताचं काम मंदावतं. चाळिशीत जो पेग पचत होता तोच पेग आता जास्त चढतो आणि जास्त वेळ टिकतो. त्यात रक्तदाबाच्या, झोपेच्या गोळ्या. माणूस पडतो, विसरतो, गोंधळतो, आणि घरचे म्हणतात, वय झालं. उतारवयात दारूचा त्रास असणाऱ्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा असा असतो की त्यांचा त्रास सुरूच उशिरा झालेला असतो, निवृत्तीनंतर, जोडीदार गेल्यावर किंवा मुलं दूर गेल्यावर. आणि हीच माणसं उपचाराला छान प्रतिसाद देतात, हे माझ्या अनुभवातही आहे. पण त्यांना विचारतं कोण? विचारलं तरी आजींसारखं उत्तर येतं, कारण प्रश्नातला शब्दच त्यांना आपला वाटत नाही. शिवाय त्यांची गोळी किंवा दारू घरच्यांनी रागाने एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच उतरवावी लागते. आजींची गोळी उतरवायला आम्हाला सात महिने लागले.

आता मागणी. जागतिक आरोग्य संघटनेची, दारू पिण्याच्या सवयीबद्दलची दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ ही प्रश्नावली आम्ही वापरतो. ती उत्तम आहे, पण पहिल्यांदा कधी घेतलं हे तीही विचारत नाही. आपल्या खात्याच्या प्रत्येक नोंदणी फॉर्मवर दोन रकाने वाढवा. पहिल्यांदा कोणत्या वयात, आणि कशासाठी. वर्षभरात आपल्या हातात अशी माहिती येईल जी आज आमच्या फॉर्मवर नाही, आणि कोणत्या वयाशी काय बोलायचं ते त्यावरून ठरवता येईल. आइसलँडने हेच केलं. मुलांना दरवर्षी नाव न घेता विचारलं आणि उत्तरं त्या त्या शाळेला आणि पालकांना परत कळवली. त्यावरून संध्याकाळच्या खेळ-संगीताची सोय केली, पालकांना सोबत घेतलं. 1998 मध्ये तिथे 15-16 वर्षांची 42 टक्के मुलं मागच्या महिन्याभरात एकदा तरी झिंगलेली होती. 2016 पर्यंत हे प्रमाण 5 टक्क्यांवर आलं.

शाळांतली एकदाच होणारी भाषणं आणि नमुन्यांच्या पेट्या बंद करा. त्याऐवजी दहा ते चौदा वर्षांच्या मुलांशी वर्गशिक्षकांनीच वर्षभर थोडं थोडं बोलावं, हुंगण्याचं नाव घेऊन बोलावं. आणि साठीपुढचा कोणीही आरोग्य केंद्रात आला की त्याच्या सगळ्या गोळ्या टेबलावर काढून बघाव्यात. ‘व्यसन आहे का’ असं विचारू नये. ‘झोपेसाठी काय घेता, किती वर्षं घेता’ असं विचारावं.

तो मुलगा आता 14 वर्षांचा आहे. दर शनिवारी येतो. मध्ये दोनदा घसरला, पण दोन्ही वेळा स्वतःहून येऊन सांगितलं. परवा भिंतीवरच्या पोस्टरकडे बघून म्हणाला, “मॅडम, यात रुमाल का नाही काढला?” मी म्हटलं, ज्यांनी छापलंय त्यांना विचारते. म्हणून आपल्याला विचारते आहे.

आपली नम्र,
एक समुपदेशक