एल्फांच्या गावचा सातबारा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत पोरांच्या फॅन्टसी गेम्सवर लेख आला होता, त्यात शेवटी म्हटलंय की एल्फांची (म्हणजे गोष्टींतल्या टोकदार कानांच्या काल्पनिक लोकांची) शहरं, त्यांचे कायदे, रीतीभाती रचत बसणं हा रिकामटेकडेपणा, त्यात काय, काहीही ठोकून द्यायचं असतं. मी गेलं दीड वर्ष दर शनिवारी संध्याकाळी आमच्या डायनिंग टेबलवर भाचा, त्याचे दोन मित्र आणि शेजारची दहावीतली मुलगी यांना घेऊन डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळवतोय, म्हणजे जग आणि गोष्ट मी रचायची आणि पोरांनी त्यातलं एकेक पात्र होऊन खेळायचं. काहीही ठोकून दिलं ना तर ही पोरं दहा मिनिटांत सोलून काढतात.

सुरुवातीला मीही तेच केलं होतं. शहराला एक नाव दिलं आणि वीसेक नियम लिहून काढले, राणीसमोर शिट्टी वाजवायची नाही, डाव्या हाताने पेला घ्यायचा नाही, पौर्णिमेला हिरवं नेसायचं नाही असले. भाच्याने विचारलं, का? म्हटलं परंपरा आहे. कोणी सुरू केली? म्हटलं सहाशे वर्षांपूर्वीच्या राजाने. तर म्हणतो, मामा, पण एल्फ साडेसातशे वर्षं जगतात ना, मग असेल की तो राजा अजून, चला त्यालाच विचारू.

माझी बोलतीच बंद. या गेमच्या पुस्तकात खरंच तसं आहे, एल्फ साधारण शंभराव्या वर्षी मोठा झाला म्हणायचं, साडेसातशेपर्यंत आयुष्य, आणि झोपत नाहीत, चार तास ध्यान लावतात. आता आपल्याकडे परंपरा चालते कारण सुरू करणारा केव्हाच गेलेला असतो, पणजोबांनी का केलं ते आजोबांना अर्धवट ठाऊक आणि आपल्याला तेवढंही नाही. एल्फांचे पणजोबा तर समोरच्या ओसरीवर बसलेत. जमिनीचं पण तेच, कोणी मरतच नाही म्हटल्यावर सातबाऱ्यावरचं नाव उतरणार कधी आणि वारस लागणार कधी, तीनशे वर्षांचा मुलगा अजून बापाच्या परवानगीनेच माडी बांधणार. (आपल्या कोर्टाच्या तारखा मात्र त्यांना अजिबात लांब वाटणार नाहीत.)

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या टोल्किनने हे फार बारकाईने केलंय. त्याच्या मृत्यूनंतर १९९३ साली छापून आलेल्या लिखाणात एल्फांच्या लग्नाच्या रीती आहेत, साखरपुड्याला चांदीच्या अंगठ्या, मग निदान वर्षभर थांबायचं, लग्नात त्या परत करून सोन्याच्या घालायच्या, त्या उजव्या हाताच्या तर्जनीत. पण खरी गंमत पुढे आहे. जोडीदार एकच, जन्माचा, असा रिवाज. आणि एका राजाची बायको बाळंतपणानंतर इतकी थकते की जीवच सोडते आणि (त्याच्या एल्फांना मेल्यावर परत येता येतं, तरी) परत यायला तयार नसते. आता राजाने दुसरं लग्न करायचं की नाही? असा प्रसंग आधी कधी आलेलाच नव्हता म्हणून नियमच नव्हता, देवांना बसून निवाडा द्यावा लागला. म्हणजे आधी कोणीतरी अडकलं आणि मग कायदा झाला.

ते वाचल्यावर मी वीसातले एकोणीस नियम फाडून टाकले, शिट्टीचा एक ठेवला आणि त्याला कारण रचलं. एका रात्री शत्रूला आतून कोणीतरी शिट्टी वाजवून वेस उघडून दिली, तो राजाचा स्वतःचा मुलगा होता. राजा अजून आहे, गावातल्या निम्म्या लोकांना ती शिट्टी कानात आहे, पण बोलत कोणीच नाही. त्यामुळे तिथला सगळ्यात मोठा शिष्टाचार असा झाला की सहाशे वर्षांच्या वरच्या एल्फाला "का?" विचारायचं नाही. भाचा पुढच्याच शनिवारी दरबारात जाऊन नेमकं तेच विचारून बसला, आणि अख्खा दरबार एक शब्द न बोलता उठून गेला. टेबलवर पण दोन मिनिटं शांतता होती हो.

बाकी माल मी आजोळकडून उचलला, उगाच इंग्रजी याद्या कशाला शोधायच्या. मालवण तालुक्यातल्या आचऱ्यात दर तीन-चार वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन अख्खं गाव गुरंढोरं, कुत्री-कोंबड्यांसकट वेशीबाहेर जातं, तीन दिवस तीन रात्री, गावपळण म्हणतात. माझे एल्फ दर शंभर वर्षांनी तीन वर्षं जातात. आणि कोकणात बऱ्याच देवरायांत पडलेलं लाकूडसुद्धा घरी नेत नाहीत, त्यावरून फांदीचा कायदा आला, हिरवी फांदी तोडली तर तिथे तेवढीच फांदी येईपर्यंत झाडाखाली राहून पाणी घालायचं.

भाच्याच्या पात्राने शेकोटीसाठी तोडलीच. तो माणूस आहे, एल्फ नाही. फांदीला पंधरा वर्षं लागणार, एल्फाला ती आपल्या दीड वर्षासारखी, पण याची जवानी त्या झाडाखाली जाणार. शेजारची मुलगी तावातावाने म्हणाली, काका, शिक्षा आयुष्याच्या हिशोबात मोजा, दीड वर्ष द्या. भाच्याचा मित्र म्हणाला, पण झाडाला पंधराच लागणार ना, तोडणारा कोण हे झाडाला काय माहीत. चहा गार झाला, तीन शनिवार झाले, वाद चालूच आहे. गेम पुढे सरकत नाहीये आणि कोणाची तक्रारही नाहीये.

जाता जाता एक दुरुस्ती. लेखात एल्फांना "बुटके" म्हटलंय. नाताळात सांताबरोबर दिसतात ते बुटके, त्यामुळे गल्लत होत असेल, पण टोल्किनचे एल्फ चांगले उंचपुरे आहेत, बुटके ते ड्वार्फ. पुढच्या अंकात छापलंत तर बरं होईल, पोरांनी कात्रण काढून ठेवलंय आणि मला रोज दाखवतायत.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली पूर्व