गाडीच्या टाळ्या आणि गाण्याची जागा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गाजलेल्या विज्ञानपटांवरून रंगमंचावर म्युझिकल, म्हणजे गाण्यांतून गोष्ट सांगणारं नाटक, करण्याच्या प्रथेवर टीका करणारं एका वाचकाचं पत्र गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत वाचलं. चित्रपट हाताशी असताना नाटक कशाला, गाडी उडवून दाखवायची आणि तिकिटं खपवायची, यात कला कुठली, असा त्यांचा सूर होता. मी एकतीस वर्षं नाटकांचे दिवे सांभाळले. आधी डिमरच्या, म्हणजे दिव्यांचा उजेड कमीजास्त करणाऱ्या यंत्राच्या, दांड्या दोन्ही हातांनी आणि वेळ पडली तर कोपरानं ढकलत, पुढे संगणकाच्या बटणावर. त्यामुळे गाडी कशी उडते आणि तिला टाळ्या का पडतात, हे दोन्ही मला कळतं. पण म्युझिकलवर लिहिलेल्या त्या एवढ्या मोठ्या पत्रात गाण्यांविषयी एक ओळ नव्हती. ते मनाला लागलं, म्हणून लिहितो आहे.

२०२२ साली मुलीकडे लंडनला गेलो होतो, तेव्हा अ‍ॅडेल्फी थिएटरात 'बॅक टू द फ्यूचर'चं म्युझिकल पाहिलं. सोबत अकरा वर्षांची नात. रॉबर्ट झेमेकिस यांचा १९८५ चा मूळ चित्रपट तिला तोंडपाठ आहे. १९८५ मधला मार्टी हा शाळकरी मुलगा डॉक ब्राउन या शास्त्रज्ञानं बनवलेल्या, काळ ओलांडणाऱ्या गाडीतून १९५५ मध्ये जातो, त्याची होणारी आईच त्याच्या प्रेमात पडते, आणि आता आईवडिलांचं जमवून दिलं नाही तर आपण जन्मालाच येणार नाही अशी त्याची गत होते. आमची जागा वरच्या सज्जात, मागून तिसऱ्या रांगेत. तिथून नटाचे डोळे दिसत नाहीत. ही गोष्ट पुढे महत्त्वाची आहे.

आधी गाडीचं सांगतो, कारण पत्रलेखकांचा राग तिच्यावरच आहे. ताशी ८८ मैलांचा वेग गाठल्याशिवाय काळ ओलांडता येत नाही, आणि रंगमंचाची लांबीरुंदी ती किती! मग गाडी जवळजवळ जागच्या जागी ठेवतात, फार तर थोडी फिरवतात, आणि धावायला लावतात भोवतालच्या रस्त्याला. मागे चित्रं, पुढे जाळीचा पडदा. जाळीवर पुढून उजेड टाकला की ती भिंत होते, मागून टाकला की नाहीशी होते. हे आमच्या धंद्यातलं अगदी पहिलं शिक्षण. त्या जाळीवर रेषा पळतात, आवाज चढत जातो, उजेडाचा क्षणभर भपका होतो आणि बाकीचं आपला डोळा करतो.

मी हेच केलं आहे, पैशाशिवाय. एका बालनाट्यात अवकाशयान म्हणजे तीन स्टुलं आणि त्यांवर बसलेली चंदेरी कापडातली तीन मुलं. मागे काळ्या कापडावर चुन्याचे ठिपके. उड्डाणाची वेळ आली की विंगेतला पोरगा दोरी सोडायचा आणि तो ताऱ्यांचा पडदा हळूहळू खाली सरकायचा. मी बाजूचे दिवे त्याच चालीनं उतरवत न्यायचो. स्टुलं इंचभरही हलायची नाहीत. पहिल्याच प्रयोगाला पुढच्या रांगेतून एक चिमुरडी ओरडली, "आई, आपण वर चाललो!" यान नव्हे, आपण. त्या 'आपण'साठी मी पुढची पंधरा वर्षं त्या दिव्यांपाशी बसलो. म्हणून गाडीला कोणी गिमिक म्हटलं की मला ते पटत नाही. कॅमेरा खरा रस्ता दाखवतो, रंगमंचावर तो रस्ता प्रेक्षकाकडून काढून घ्यावा लागतो, आणि त्याला फार मेहनत पडते.

तरीही, गाडी हे या कामाचं मर्म नाही. मर्म आहे ते गोष्ट कुठे थांबवायची आणि कुणाला गायला लावायचं, यात.

चित्रपटात गोल्डी विल्सन नावाचं एक छोटं पात्र आहे. १९५५ मध्ये तो खानावळीत झाडलोट करतो, आणि १९८५ मध्ये तोच गावाचा महापौर असतो. पडद्यावर हा सगळा मामला दोनचार वाक्यांत आटोपतो, लोक हसतात आणि कथा पुढे जाते. म्युझिकलमध्ये मात्र 'कुठून तरी सुरुवात करावीच लागते' या अर्थाचं अख्खं गाणं त्याच्या वाट्याला आलं आहे. समूह हळूहळू त्याच्याभोवती जमतो, आवाज चढत जातो, आणि हातात झाडू घेतलेला तो माणूस पाच मिनिटं त्या थिएटरचा मालक असतो. मध्यंतरात नात म्हणाली, "आजोबा, तो मेयर होणार हे मला माहीत होतं. पण त्याला एवढं वाटत होतं हे नव्हतं माहीत."

पडद्यावर हे सांगायला कॅमेरा चेहऱ्याजवळ जातो. मागून तिसऱ्या रांगेतल्या माणसाला चेहरा कोण आणून देणार? गाणं आणून देतं. मार्टीचा बाप जॉर्ज हा बुजरा, झाडावर चढून दुर्बिणीतून मुलीच्या खिडकीत पाहणारा. चित्रपटात तो विचित्र वाटतो. इथे तो स्वतःच्या अधू दृष्टीवर गातो, आणि त्याची भीती कळते. डॉक ब्राउन स्वप्नं पाहून हरलेल्या माणसांसाठी गातो, तेव्हा मला आमच्या जुन्या धंद्यातली कितीतरी माणसं आठवली. डोळे पुसले, खोटं कशाला सांगू!

शिवाय इथे गाणं आणखी एक काम करतं. काळ बदलला हे ते कानाला सांगतं. १९५५ मधली लोरेन, म्हणजे मार्टीची होणारी आई, गाते ती त्या काळातल्या मुलींच्या गायनवृंदांच्या ढंगात, मार्टीचं सुरुवातीचं गाणं ऐंशीच्या दशकातलं रॉक. नेपथ्य बदलायच्या आत साल कळतं. चित्रपटाचं मूळ संगीत अ‍ॅलन सिल्वेस्ट्री यांचं. म्युझिकलची गाणी त्यांनी ग्लेन बॅलर्ड यांच्यासोबत केली, आणि संहिता चित्रपटाचे सहलेखक बॉब गेल यांनीच लिहिली. स्वतः लिहिलेलं पुन्हा लिहायला बसायचं म्हणजे आधी स्वतःच्या लाडक्या जागा कापायच्या. गेल यांनी त्या कापल्या. स्केटबोर्डवरचा चौकातला पाठलाग गेला. डॉकचा कुत्रा गेला (नात यावर रुसली होती). डॉकला गोळ्या घालणारे दहशतवादी गेले, त्याऐवजी त्याला किरणोत्सर्गाची बाधा होते. या शेवटच्या बदलामुळे धोका बाहेरून न येता त्याच्याच यंत्रातून येतो. मला तो मूळ चित्रपटापेक्षाही घट्ट वाटला, आणि हे मी मूळ चित्रपटावर मनापासून प्रेम करून म्हणतो आहे.

हे काम सोपं नसतं, याला वेळ साक्षी आहे. म्युझिकलची घोषणा २०१४ मध्ये झाली. मँचेस्टरला पडदा उघडला २०२० च्या सुरुवातीला, आणि मार्चमध्ये महासाथीनं तो पाडला. लंडनला प्रयोग सुरू झाले २०२१ मध्ये, आणि २०२२ चा सर्वोत्कृष्ट नव्या म्युझिकलचा ऑलिव्हिए हा लंडनच्या रंगभूमीचा मानाचा पुरस्कार मिळाला.

पत्रलेखकांनी हे सगळं आजकालचं खूळ आहे असं म्हटलं आहे. तसं नाही. १९६० मध्ये रॉजर कॉर्मन यांनी 'द लिटल शॉप ऑफ हॉरर्स' हा माणसं खाणाऱ्या झाडाचा चित्रपट जेमतेम पैशांत आणि दोनेक दिवसांच्या चित्रीकरणात उरकला होता. १९८२ मध्ये हॉवर्ड अ‍ॅशमन आणि अ‍ॅलन मेंकेन यांनी त्याचं म्युझिकल केलं, आणि न्यूयॉर्कच्या लहानशा ऑर्फियम थिएटरात ते पाच वर्षं चाललं. तिथलं झाड म्हणजे एक बाहुली. सुरुवातीला कुंडीत मावणारी, प्रवेशागणिक वाढत जाणारी, शेवटी आत अख्खा माणूस शिरलेला. ओठ तो हलवतो आणि गाणारा वेगळाच असतो, प्रेक्षकांना न दिसणारा. दोघांचा श्वास एक व्हावा लागतो. अर्ध्या क्षणाची चूक झाली तर झाड मरतं आणि कापड उरतं.

या म्युझिकलच्या शेवटी झाड नायक-नायिकेला खातं. लोक ते आनंदानं पाहतात. १९८६ मध्ये फ्रँक ऑझ यांनी म्युझिकलवरून पुन्हा चित्रपट केला, तोच शेवट चित्रित केला, आणि चाचणी खेळाला प्रेक्षक इतके नाराज झाले की शेवट बदलावा लागला. ऑझ यांना कळलेलं कारण साधं होतं. नाटकात मेलेली माणसं पडदा पडल्यावर पुन्हा येऊन वाकून नमस्कार करतात. चित्रपटात मेलेला मेला. एकाच गोष्टीला दोन ठिकाणी दोन शेवट लागतात ते असे, आणि म्हणून 'चित्रपट असताना नाटक कशाला' हा प्रश्न मला पटत नाही.

निव्वळ यंत्रावर भागत नाही, हेही मी मान्य करतो. २०१८ मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवर, आलेल्या 'किंग काँग'मधला वीस फुटी वानर बाहुलीकलेचा नमुना होता. त्याला टोनी या तिथल्या रंगभूमीच्या मानाच्या पुरस्कारांपैकी एक खास पुरस्कारही मिळाला. प्रयोग मात्र वर्षभरही टिकले नाहीत. वानराची तारीफ सगळ्यांनी केली, गाणी कुणाच्या तोंडी बसली नाहीत. पत्रलेखकांनी याचा दाखला दिला असता तर मी मान डोलावली असती.

संपादक महोदय, आपल्याकडेही एक मागणी आहे. अशा प्रयोगांची परीक्षणं छापताना गाणी कुणाची, संहिता कुणाची, प्रकाशयोजना कुणाची ही नावं गाळू नयेत. उडत्या गाडीचा फोटो चार रकाने व्यापतो आणि गीतकाराला अर्धी ओळ मिळत नाही, हे मी कितीदा तरी पाहिलं आहे.

आणि पत्रलेखकांना विनंती. लंडनच्या मूळ संचानं गायलेल्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका २०२२ मध्ये निघाली आहे. ती ऐका. तिच्यात गाडी दिसत नाही. ऐकून काय वाटलं ते याच सदरात लिहा, मी वाट पाहतो आहे.

आपला,
एक निवृत्त प्रकाश-सहायक