हळदीला परवाना, गुंठ्याला नाही

माननीय महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानावर मी ३१ वर्षं दिवाणजी होतो. हळदीचं पोतं सौद्यात काढायचं तर अडत्याकडे बाजार समितीचा परवाना लागतो. तोलाईदाराला लागतो, हमालालाही लागतो. एकदा हिशेबपट्टीत कपात जास्त लागली म्हणून एक शेतकरी तडक समितीच्या सचिवांकडे गेला. दुसऱ्या दिवशी वह्या काखेत मारून मी तिथं उभा! चूक माझीच होती, बेरजेची. पैसे परत दिले, आणि पुढं महिनाभर शेठ माझ्याशी धड बोलले नाहीत.

त्याच यार्डाच्या दारात, चहाच्या गाड्यावर बसून, मोबाईलवर सातबारा दाखवत गुंठे विकणाऱ्या माणसाला मात्र कुणाचाच परवाना लागत नाही. हे मला निवृत्तीनंतर कळलं, तेही पदरचे पैसे घालून.

मुलासाठी दोन गुंठे बघत होतो. एका एजंटानं चार गुंठ्यांची एक पट्टी दाखवली. निम्मी आमची, निम्मी दुसऱ्या कुणाची. मी पहिलाच प्रश्न विचारला, पाणी येतं का? सांगलीचा माणूस दुसरं काय विचारणार! "नाही हो दिवाणजी, २०१९ लासुद्धा इथं टिपूस नव्हता." विसार दोन लाख दिला, दलालीपोटी ५० हजार रोख. पावती मागितली तर हसला. आठवड्यानं बायकोला जागा दाखवायला नेलं. शेजारच्या घरातल्या आजींनी भिंतीवरची रेघ दाखवली. माझ्या छातीइतकी. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट. महापालिकेत पूररेषेचा नकाशा पाहिला तर जागा निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे बांधकामच निषिद्ध.

जमीनमालक भला माणूस, त्यानं विसार परत केला. एजंट म्हणाला, दलाली सौदा ठरला तेव्हाच पिकते. पोलीस म्हणाले, दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. आणि त्याच आठवड्यात त्याच्या व्हॉट्सअॅप स्टेटसवर तीच पट्टी झळकली: "पूररेषेबाहेर, टायटल क्लिअर."

महारेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची आणि एजंटांची नोंदणी करणारं राज्याचं प्राधिकरण, आहे की, असं आपले अधिकारी म्हणतील. आहे, आणि तिथं कामही होतं. २०१६ च्या कायद्यानं एजंटाला नोंदणी सक्तीची केली. विनानोंदणी धंदा केला तर दिवसाला १० हजार रुपये दंड, तो मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत चढू शकतो. खोटं सांगून विकणाऱ्याची नोंदणी रद्द करता येते. पुढं महारेरानं एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा लावली, आणि ते प्रमाणपत्र न देणाऱ्या सुमारे २० हजार जणांची नोंदणी २०२४ मध्ये स्थगित केली. वाचून बरं वाटलं होतं.

पण ही नोंदणी लागते ती नोंदणीयोग्य प्रकल्पातल्या विक्रीला, आणि ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेला प्रकल्पाचीच नोंदणी लागत नाही. गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. मला दाखवलेली चार गुंठ्यांची पट्टी भरली ४०५. कायदा जिथं सुरू होतो त्याच्या गुंठाभर अलीकडं आमचा सौदा झाला होता. जुन्या घराची, वापरलेल्या फ्लॅटची फेरविक्री असेल तरी तेच. महारेरानं ज्याची नोंदणी स्थगित केली तो उद्या फेरविक्रीचे सौदे करत बसला, तर त्याला कोण अडवणार?

आमचं गाव गुंठेवारीचं, म्हणजे परवानगीविना गुंठ्या-गुंठ्याचे प्लॉट पाडून विकलेल्या जमिनीचं. शामरावनगरात पावसाळ्यात जाऊन बघा, प्लॉट पाडून कसे विकले ते साचलेलं पाणीच दाखवतं. २००१ साली गुंठेवारीचा कायदा आला, लोकांनी शुल्क भरून आपापले प्लॉट नियमित करून घेतले. भुर्दंड पडला प्लॉट विकत घेणाऱ्याला, मधल्या माणसाचं नाव एका कागदावर नाही. पुढं २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात तुकडेबंदी, म्हणजे जमिनीचे लहान तुकडे विकण्यावरची बंदी, शिथिल करून एक गुंठ्यापर्यंतचे तुकडे नियमित करण्याची घोषणा झाली. गरिबाचं घर कायदेशीर होतंय याचा आनंदच आहे. पण चहाच्या गाड्यावर त्या दिवसापासून गर्दी वाढली, हेही खरं.

दुय्यम निबंधक कार्यालयात कुठल्याही दिवशी तासभर बसून पाहावं. दस्तात घेणार, देणार, चतुःसीमा, मोबदला सगळं असतं. एजंट कुठं असतो? बऱ्याचदा शेवटच्या पानावर, ओळख देणारा म्हणून! ज्यानं सौदा जुळवून दोन्हीकडून टक्का घेतला, तो कागदावर पक्षकारांना नुसता ओळखणारा असतो.

म्हणून मागणी आपल्याच खात्याकडे. दस्तात एजंटाचं नाव, नोंदणी क्रमांक आणि घेतलेली दलाली लिहिणं सक्तीचं करा. एजंट नसेल तर दोन्ही पक्षांनी तसं लिहून द्यावं. दलाली घेणाऱ्याला नोंदणी लागेलच, मग जागा ५०० चौरस मीटर असो की ५०. तक्रार ऐकायला जिल्ह्यातच कुणीतरी असावं, म्हणजे ५० हजारांसाठी कुणाला मुंबईकडे बघत बसावं लागणार नाही. आणि ज्यांची नोंदणी स्थगित झाली, त्यांची यादी निबंधक कार्यालयाच्या भिंतीवर मराठीत लावा.

परवाना म्हणजे चिरीमिरीचं आणखी एक टेबल, असं माझे मित्र म्हणतात. असेल. यार्डातले सगळे अडते काही परवान्यानं संत झाले नाहीत. पण त्या शेतकऱ्याला जायला सचिवांचं दार होतं, आणि मला वह्या घेऊन तिथं जावं लागलं होतं.

या पत्राची एक प्रत गृहनिर्माणमंत्र्यांना पाठवत आहे. महारेरा त्यांच्याकडे, दस्त आपल्याकडे. कोणत्या खात्यानं हे करायचं ते आपण दोघांनी ठरवावं, आणि मला लेखी कळवावं.

आपला,
एक निवृत्त दिवाणजी
सांगली