टँकर मोजून घे

पुणे, 18 एप्रिल

प्रिय सुनील,
स.न.वि.वि.

सोसायटीचा सेक्रेटरी झालास आणि पहिल्याच उन्हाळ्यात टँकरवाल्याशी गाठ पडली. तुझा संताप पटतो. इंग्लंडात 1989 साली पाणी कंपन्या खाजगी झाल्या. लोक आजही त्यांच्या नावानं बोटं मोडतात, पण दरावर लगाम ठेवायला निदान ऑफवाट नावाची नियामक संस्था आहे. तुमचं उंड्री 2017 साली पुणे महापालिकेत आलं, नळाला पुरेसं पाणी काही आलं नाही, आणि कुणी ठराव न करताच खाजगीकरण होऊन बसलं. ना करार, ना मीटर. तेव्हा सोसायटीपुरती ऑफवाट तूच.

आधी माप. टँकरवर 10,000 लिटर रंगवलेलं असतं, तेवढं उतरतंच असं नाही. अंडरग्राउंड टाकीची आतली लांबी-रुंदी मोज. समजा 5 बाय 4 मीटर भरली, तर पातळीचा एक सेंटिमीटर म्हणजे 200 लिटर आणि भरल्या टँकरनं पाणी 50 सेंटिमीटर चढायलाच हवं. टाकीत कॉलम असतील तर त्यांची जागा वजा कर. सेंटिमीटरच्या खुणा केलेला पीव्हीसी पाइप मॅनहोलजवळ कायमचा उभा बसव. टँकर आला की गच्चीवरच्या टाक्यांचा पंप बंद, महापालिकेच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद, पाणी संथ झालं की आकडा लिहायचा आणि मगच टँकरचा पाइप टाकीत सोडायचा. पंप चालू राहिला की भांडण हरलास, ड्रायव्हर तेच म्हणणार, “पंप चालू होता की साहेब.”

45 सेंटिमीटरच चढलं तर हजार लिटर गेले. कुठे? एक तर टँकर गळ्यापर्यंत भरलेलाच नव्हता, म्हणून रिकामा करायच्या आधी वॉचमननं वर चढून झाकण उघडून बघायचं. नाही तर गाडी उतारावर अशी उभी केली की मागचं आउटलेट उंच राहिलं, आणि तळातलं पाणी तसंच परत गेलं. मागची चाकं उताराकडे ठेवायला सांग. मीटर बसवायचा तर पाइप तिथं कायम भरलेला राहील अशा खालच्या जागी बसव, नाही तर शेवटची हवासुद्धा लिटरमध्ये मोजली जाते.

दुसरं, क्लोरिन. 2025च्या जानेवारीत सिंहगड रोड भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण वाढले तेव्हा संशय पाण्यावरच गेला होता. तरी आपल्याकडे लोक टीडीएस मीटर बुडवून “पाणी चांगलंय” म्हणतात! तो क्षार मोजतो, जंतू नाही. बोअरचं पाणी जड आहे का, एवढ्यापुरता त्याचा अंदाज घे. पाण्यात क्लोरिन आहे का हे ओटी (ऑर्थोटोलिडिन) किटनं बघायचं: नळीत पाणी, वर थेंब, आणि पिवळा रंग लगेच वाचायचा. उशीर केला की पाण्यातल्या अमोनियासारख्या घटकांशी बांधलेलं क्लोरिनही रंग देतं आणि आकडा फसवा येतो. घरातल्या नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम हवं. शून्य आलं तर 10,000 लिटरला 25 टक्के क्लोरिनची 80 ग्रॅम ब्लीचिंग पावडर घे, बादलीत कालव, गाळ बसू दे आणि वरचं पाणी टाकी भरत असतानाच ओत. अर्धा तास थांबून पुन्हा तपास. उघड्या पोत्यातली जुनी पावडर नुसता चुनाच असते, ती उपयोगाची नाही.

किती टँकर मागवायचे याचा हिशोब सोपा आहे. 80 फ्लॅट, घरटी चार माणसं, माणशी 135 लिटर, म्हणजे दिवसाला 43,200. नळाचं 15,000 आलं तर तीन टँकर लागतात. चौथा लागत असेल तर टँकरवाल्याला शिव्या घालण्याआधी रात्री एक ते पाच पंप आणि नळाची लाइन बंद ठेवून गच्चीच्या आणि खालच्या टाकीची पातळी बघ. गच्चीची उतरली तर बहुतेक कुणाचा तरी फ्लश वाहतोय, खालची उतरली तर टाकीलाच गळती आहे.

भाव गुरुवारी चढतो, कारण शहरात दुरुस्तीसाठी बऱ्याचदा त्याच दिवशी पाणी बंद असतं आणि शुक्रवारी दाब कमी येतो. बुधवारीच टाकी भरून घे. आणि साधा का होईना, लेखी करार कर: पैसे खेपेचे नाहीत, खुणांच्या पाइपवर चढलेल्या लिटरचे, दर जूनअखेरपर्यंत एकच, पाणी कुठल्या विहिरीतून किंवा भरणा केंद्रातून आलं ते प्रत्येक चलनावर. शेवटच्या अटीला तो सगळ्यात जास्त कुरकुर करेल, तिथं अजिबात सोडू नकोस. त्याला पर्याय म्हणून दुसरा टँकरवाला आत्ताच बघून ठेव, मे महिन्यात कुणी फोनही उचलत नाही.

बिल्डरनं परवानगी घेताना पाणी पुरवण्याचं हमीपत्र दिलं होतं का, तेही फाइलमध्ये शोध. सापडलं तर टँकरची बिलं त्याच्याकडे धाडायला तो कागद लागेल. त्याची एक प्रत मलाही पाठव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मिलिंद