चुकीची एसएसडी बदलून देण्याबाबत आणि जॉबशीट दुरुस्त करण्याबाबत

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

आपल्या कंपनीच्या लॅपटॉपवर मी व्यापाऱ्यांचे हिशेब आणि जीएसटी रिटर्न करते. त्यात १ टीबीची, ५४०० आरपीएमची हार्डडिस्क आहे. विंडोज सुरू झालं की टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांवर जाऊन बसते आणि टॅली उघडायलाही ताटकळावं लागतं. हार्डडिस्क ठणठणीत आहे, सगळा जुना डेटा तिच्यावरच आहे. ती तशीच ठेवून रिकाम्या एम.२ स्लॉटमध्ये (कार्डासारखी पातळ एसएसडी बसवायची जागा) विंडोजसाठी ५०० जीबीची एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कपेक्षा वेगवान चिपवरची साठवण, टाकायची, एवढंच काम होतं. वॉरंटीचा प्रश्न नको म्हणून मी ते तुमच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला दिलं.

इंजिनिअरने सिरीयल नंबरवरून मॉडेल पाहिलं आणि एनव्हीएमई (पीसीआय एक्सप्रेस या वेगवान जोडणीवर चालणारी) एसएसडी स्वतः निवडून दिली. बिल सेंटरचंच आहे. बसवल्यावर ती बायोसमध्येसुद्धा (विंडोजच्या आधी सुरू होणारी लॅपटॉपची मूळ प्रणाली) दिसेना. मग सांगण्यात आलं, की या मॉडेलचा स्लॉट फक्त साटा (जुन्या, कमी वेगाच्या जोडणीची) एम.२ एसएसडी घेतो. दोन्ही प्रकारची कार्डं २२ बाय ८० मिलिमीटरचीच, आणि या स्लॉटची खाच अशी, की एनव्हीएमई कार्डही सहज आत जातं. पण एनव्हीएमईला लागणाऱ्या पीसीआय एक्सप्रेसच्या लेन, म्हणजे डेटा वाहून नेणाऱ्या वाटा, त्या स्लॉटपर्यंत आलेल्याच नाहीत. ग्राहकाला हे बाहेरून कसं कळावं? तुमच्या माहितीपत्रकात नुसतं ‘एक एम.२ स्लॉट’ असं छापलंय.

झाकण माझ्यासमोर उघडलं तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. कार्ड दाबून धरणारा बारीक स्क्रू नव्हताच. वर आलेलं टोक चिकटपट्टीने खाली बसवलं होतं. अधिकृत सेंटरचं काम असं असतं?

आता म्हणतात, पाकीट फोडलंय, परत घेता येणार नाही. हार्डडिस्क काढा, तिच्या जागी अडीच इंची एसएसडी टाका, असा सल्ला देतात. मग डेटासाठी बाहेरून डिस्क लटकवत फिरायचं का? सगळ्यात संताप आला तो जॉबशीटवरच्या (सेंटरने केलेल्या कामाच्या नोंदीचा कागद) शेऱ्याचा: ‘ग्राहकाच्या मागणीनुसार पार्ट बसवला.’ ही चक्क खोटी नोंद आहे. त्याच जॉबशीटवर तक्रारीच्या रकान्यात तुमच्याच माणसाच्या अक्षरात ‘हार्डडिस्क ठेवून एसएसडी वाढवणे’ एवढंच लिहिलेलं आहे.

एनव्हीएमई परत घेऊन तेवढ्याच क्षमतेची साटा एम.२ एसएसडी स्क्रूसकट बसवून द्यावी, किमतीतला फरक परत करावा आणि तो शेरा खोडून खरी नोंद करावी. साटाचा सेकंदाला ५०० एमबीच्या आसपासचा वेग माझ्या कामाला भरपूर आहे. माहितीपत्रकातही स्लॉट साटा की एनव्हीएमई, हे स्पष्ट छापा; दुसऱ्या कुणाचे पैसे असे अडकू नयेत.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपली ग्राहक,
नाशिक

सोबत: बिल आणि जॉबशीटची प्रत