सिंहगड घाटात भेटलेल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे असं उघड पत्र. घाट उतरताना एका वळणावर सायकल कठड्याला टेकवून बोटं झटकत उभी असलेली मुलगी आठवते का? ती मी. गडावर खाल्लेल्या पिठलं-भाकरीची ताकद पाच वळणांत संपली होती.

"पंक्चर का?" तुम्ही विचारलंत. म्हटलं, नाही, ब्रेक दाबून बोटं बधिर झालीत. सायकल घेतली त्या दुकानात सांगून पाहिलं होतं. "हायड्रोलिकला अ‍ॅडजस्टमेंट नसते मॅडम, सवय होईल," म्हणाले. हायड्रोलिक म्हणजे वायरऐवजी ऑइलच्या दाबावर चालणारे ब्रेक. आठ महिने मी त्या सवयीची वाट बघत होते. पंजा मजबूत व्हावा म्हणून रबरी चेंडूही दाबले. हसू नका.

तुम्ही आधी ब्रेकच्या दोन्ही लिव्हर करकचून दाबून पाहिल्या. कडक लागल्या, हँडलपर्यंत आल्या नाहीत. म्हणजे आत हवा नाही, ऑइलला हात लावायची गरज नाही. मग मला सायकलवर बसवून नुसता माझा हात बघत राहिलात. लिव्हर ग्रिपला खेटून बसवलेली, त्यामुळे बोट तिच्या मध्यावर पडायचं. वर ती इतकी लांब, की पोहोचायचं फक्त शेवटचं पेर.

४ एमएमच्या अ‍ॅलन कीने (षटकोनी पान्याने) लिव्हर हँडलला धरून ठेवणारा क्लॅम्प ढिला करून तुम्ही लिव्हर आत सरकवलीत, तेव्हा तर्जनी बरोबर टोकाच्या वळणावर आली. मनगट मुडपत होतं, म्हणून लिव्हर जरा खाली झुकवलीत. मग तो स्क्रू! लिव्हरच्या बुडाशी, २ एमएमची की जाईल एवढासा. आठ महिने रोज सायकल पुसूनही मला तो दिसला नव्हता. तो फिरवला की लिव्हर बोटांच्या जवळ येते. थोडा फिरवायचा, "आता?" विचारायचं, पुन्हा थोडा. क्लॅम्प आवळताना म्हणालात, "फार घट्ट नको. पडलीस तर लिव्हर फिरू दे, तुटायला नको."

उरलेला घाट मी एकेका बोटाने उतरले. बाकीची बोटं ग्रिपवर. समोरून जीप आली तेव्हाही.

आणखी एका गोष्टीसाठी आभार मानायलाच हवेत. माझ्या भावाने मोटारसायकलचं ब्रेक ऑइल आणून ठेवलं होतं, "भरून टाकू" म्हणून. हे ऐकून तुमचा चेहरा जो झाला! माझ्या सायकलच्या शिमानो कंपनीच्या ब्रेकला मिनरल ऑइलच लागतं, मोटारसायकलच्या डॉट ऑइलने आतली रबरी सीलं फुगून वाया जातात, हे त्याला मी घरी गेल्या गेल्या ऐकवलं. बाटली त्याच्या बाईकपाशी परत गेली.

तुमची २ एमएमची की माझ्याच पाऊचमध्ये राहिली आहे. रविवारी सकाळी सातपर्यंत मी गोळेवाडीच्या नाक्यावर असते. लाल हेल्मेट.