विषय: "थेट मायटोकॉन्ड्रियात" हा दावा चुकीचा आहे, पैसे परत करा

कस्टमर केअर,

तुमच्या कॉपर कॅप्सूल ऑनलाइन मागवल्या होत्या, पॅकिंग नीट होतं, डिलिव्हरी वेळेत झाली, त्याबद्दल काही म्हणणं नाही. तक्रार लेबलबद्दल आहे. त्यावर एक नारिंगी गोळा काढलाय, त्यातून बाण निघून पेशीचं आवरण फोडून सरळ मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जा बनवणाऱ्या भागात, घुसलाय आणि खाली मोठ्या अक्षरात "फ्री आयॉनिक कॉपर, थेट मायटोकॉन्ड्रियात, झटपट एनर्जी".

अहो पेशीत तांबं असं मोकळं फिरतच नाही! १९९९ मध्ये यीस्टवर जे काम झालं त्यात हिशोब निघाला की एका पेशीमागे मोकळा तांब्याचा एक अणूसुद्धा भरत नाही. कारण मोकळं सुटलं की ते घातक रॅडिकल्स (पेशीची नासधूस करणारे रेणू) बनवतं, म्हणून सीटीआर१ मधून, म्हणजे पेशीच्या आवरणातल्या तांब्याच्या दारातून, आत आल्या आल्या कोणीतरी प्रोटीन किंवा रेणू त्याला धरतोच.

मायटोकॉन्ड्रियाकडे जाणारं तांबं एका छोट्या लिगँडला (धातूला धरून ठेवणाऱ्या रेणूला) चिकटून जातं असं मानतात, आणि तो लिगँड नेमका कोण हे शास्त्रज्ञांनाही अजून पक्कं सापडलेलं नाही, मग तुम्ही ते कॅप्सूलमध्ये कसं भरलंत? पुढे एसएलसी२५ए३ हे वाहक प्रोटीन त्याला मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यापलीकडे मॅट्रिक्समध्ये, म्हणजे अगदी आतल्या भागात, नेतं, तिथला साठा लागेल तसा परत दोन पडद्यांच्या मधल्या जागेत येतो, तिथे कॉक्स१७ हे प्रोटीन तो घेतं आणि स्को१, स्को२ आणि कॉक्स११ या पुढच्या प्रोटीन्सकडे देतं. सायटोक्रोम सी ऑक्सिडेज या ऊर्जा बनवायला लागणाऱ्या एन्झाइमचे कॉक्स१ आणि कॉक्स२ हे भाग; स्कोवाले कॉक्स२ वरच्या जागी दोन अणू बसवतात, कॉक्स११ मुळे कॉक्स१ मध्ये एक बसतो. झाले तीन! अख्ख्या एन्झाइमला एवढंच तांबं लागतं, त्यामुळे ज्याला कमतरताच नाही त्याला जास्तीच्या तांब्याने कसली झटपट एनर्जी मिळणार?

आणि समजा तुमचा बाण खरा असता, तर ते आणखी भीतीदायक. २०२२ मध्ये दाखवलंय की जास्तीचं तांबं मायटोकॉन्ड्रियातल्या लिपोइक ॲसिड नावाचा छोटा रेणू जोडलेल्या एन्झाइम्सना चिकटतं, त्यांचे गठ्ठे होतात आणि पेशी मरते. याची लेबलवर एक ओळ नाही.

तोंडाने घेतलेलं तांबं आतड्यातून पुढे रक्तात जायलाच एटीपी७ए हे प्रोटीन लागतं. मेन्केस या जन्मजात आजारात ते बिघडलेलं असतं, म्हणून त्या बाळांना कॉपर हिस्टिडिन (तांब्याचं एक औषध) इंजेक्शनने द्यावं लागतं. "थेट" म्हणताना एवढं तरी वाचायचं होतं.

हे सगळं आधी मेलवर विचारलं तर उत्तर आलं, "मॅडम, कॅप्सूल जेवणानंतर घ्या, रिझल्ट येईल." मी वेळ विचारली नव्हती, पुरावा मागितला होता.

पूर्ण पैसे परत पाहिजेत, कूपन नको. तो बाण आणि "थेट" वाली ओळ लेबलवरून आणि ॲपवरून काढा, आणि यावेळी उत्तर अशा माणसाकडून पाठवा ज्याने हे पत्र शेवटपर्यंत वाचलंय. ऑर्डरची पावती आणि लेबलचा फोटो सोबत जोडलाय.

तुमची एक ग्राहक